जुनी प्रवासवर्णनं : घेणं, ओळखणं, विकणं आणि न फोडणं

पानवाटा

जुनी पुस्तकं घेणं-विकणं हा माझा व्यवसाय. दुकान नाही, घरातली एक खोली आणि ऑनलाइन यादी. त्यात प्रवासाची पुस्तकं सगळ्यात जास्त: प्रवासवर्णनं, गाईडं, तीर्थयात्रांच्या हकिकती, रेल्वेची टाइमटेबलं. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तेच ते प्रश्न विचारले, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात कळकळीची गोष्ट आधी. आपल्याकडे प्रवासावरची जुनी इंग्रजी पुस्तकं चित्रांसाठी फाडली जातात आणि जुनी मराठी प्रवासवर्णनं किलोवर जातात. दोन्ही थांबायला हवं, आणि ते थांबवणं तुमच्या-माझ्यासारख्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्याच हातात आहे.

फाडणं म्हणजे काय ते एका उदाहरणावरून बघा. कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले (पुढे ज्याच्या नावाची बँक झाली तोच) याने पश्चिम भारतातल्या दृश्यांचं एक मोठं पुस्तक १८२६ ते १८३० या काळात भागाभागांनी काढलं. त्यात ३६ रंगीत अ‍ॅक्वाटिंट चित्रं (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली) आहेत. मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा हे त्यातलं एक. अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळणं कठीण, पण ३६ चौकटींना ३६ भिंती मिळतात. म्हणून ब्लेड चालतं. उरतो तो मजकूर. चित्रात दिसतंय ते कुठलं, तिथे काय होतं, हे सांगणारी पानं कुणालाच नको असतात. जेम्स फोर्ब्सच्या १८१३ च्या चार खंडी आठवणींचंही असंच होतं. मुंबई-गुजरातेत अनेक वर्षं काढलेल्या माणसाने स्वतः काढलेली चित्रं आणि त्याचा स्वतःचा मजकूर यांची कायमची ताटातूट.

मराठीचं दुखणं वेगळं. तिथे फाडण्यासारखी चित्रंच फारशी नसतात, त्यामुळे सरळ तराजू. पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' १८८९ मध्ये निर्णयसागरात छापलं गेलं. अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चं. गंगाधर गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे', रा. भि. जोशींचं 'वाटचाल' ही पन्नाशीच्या दशकातली. यांच्या पुढच्या आवृत्त्या दिसतात, पण पहिल्या आवृत्तीची मूळ वेष्टणासकट धड प्रत शोधायला निघा. विलायतेत छापलेल्या, त्याच वयाच्या इंग्रजी पुस्तकापेक्षा ती दुर्मिळ असते. कागद हलका, त्यात युद्धकाळात कागदाची टंचाई, आणि बऱ्याच प्रती वाचनालयांत गेलेल्या. तिथे त्या हातोहात वाचल्या गेल्या, कापून परत बांधल्या गेल्या आणि शेवटी झिजल्या. वाचल्या गेल्या हे उत्तमच झालं. पण म्हणूनच आज हाती आलेली प्रत जपायची.

आता ओळखायचं कसं. पहिलं पान गेलेलं असलं तरी पुस्तक आपलं वय सांगतं. किंमत रुपये-आण्यांत असेल (१॥ म्हणजे दीड, १। म्हणजे सव्वा) तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'न. पै.' दिसलं तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण त्यानंतर 'नये' गळून नुसते पैसे उरले. प्रकाशकाच्या पत्त्यात 'पुणे २' असं असेल तर बहुतेक वेळा १९७२ च्या आधीचं. सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून आला. आणि सगळ्यात सोपी खूण शुद्धलेखनाची. 'त्यांत', 'घरें', 'हिमालयांतील' असे अनुस्वार भरपूर असतील तर १९६२ च्या नियमांआधीची जुळणी. काही प्रकाशकांनी जुनेच फर्मे (छपाईसाठी जुळवून ठेवलेली पानं) पुन्हा चालवले, त्यामुळे एका खुणेवर विसंबू नका, दोन-तीन जुळल्या पाहिजेत. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवा.

आवृत्तीला महत्त्व का, यावर नेहमी वाद होतो. माझं उत्तर गोडसे भटजी. वरसईच्या विष्णुभटांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला, तो त्यांनी हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत सापडलेल्या भिक्षुकाचे शब्द नेमके कोणते, हे बघायला दोन्ही शेजारी ठेवावी लागतात. एक आहे म्हणून दुसरी रद्दीत घालायची नसते.

प्रश्न विचारा. माझ्याकडच्या मालाची जाहिरात या धाग्यावर करणार नाही.

शाईपेन

फार छान धागा, आणि माझ्या अगदी गरजेच्या वेळी आला. आजोबा रेल्वेत होते. वाड्याचं काम काढल्यावर त्यांची ट्रंक खाली आली. त्यात लाल कापडी बांधणीचं मरेचं हँडबुक (मरे या लंडनच्या प्रकाशकाचं प्रवाशांसाठीचं गाईड) आहे, आतल्या पानावर 'इंडिया, बर्मा अँड सिलोन' वाचता येतं, साल असलेला कोपरा गेलाय. बाकी पंधरा-वीस मराठी पुस्तकं, एक-दोन काशीयात्रेची. नेहमीचा रद्दीवाला सगळं मिळून वजनावर मागतोय. मामा म्हणतात मरे तेवढं ठेव, बाकी दे. काय करू?

पानवाटा

शाईपेन ताई, काहीच देऊ नका. मामांचा सल्ला उलटा केलात तरी चालेल: एक वेळ मरे द्या, मराठी ठेवा.

मरेविषयी. या गाईडाची सुरुवात १८५९ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या भागांनी झाली, आणि १९७५ ला बाविसावी आवृत्ती निघाली. नाव बदलत गेलं. नुसतं 'इंडिया, बर्मा अँड सिलोन' असेल तर फाळणीपूर्वीची प्रत. फाळणीनंतर नावात पाकिस्तान आलं आणि शेवटच्या आवृत्तीत बांगलादेशही. म्हणजे तुमची १९४७ च्या आधीची. आणखी नेमकं हवं असेल तर मजकुरात शिरा. नवी दिल्लीचं वर्णन आहे का? व्हीटीचं? रेल्वेचे कोणते फाटे दिलेत? आजोबा रेल्वेतले, त्यांना हे आवडलं असतं. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मुंबईहून पुण्याला सलग गाडीच नव्हती. खोपोलीपर्यंत रूळ, पुढे बोरघाट पालखीतून नाहीतर बैलगाडीतून चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी. घाटातला मार्ग १८६३ ला सुरू झाला. त्यामुळे गाईडात घाट कसा पार करायला सांगितलाय यावरूनच आवृत्ती हेरता येते.

मग नकाशे. अनुक्रमणिकेजवळ नकाशांची यादी असते, ती समोर ठेवून एकेक मोजा. मागच्या पुठ्ठ्याच्या आत खिसा असेल तर त्यातला मोठा नकाशा जागेवर आहे का बघा. तो बऱ्याचदा हरवलेला असतो, कारण प्रवासी तोच काढून खिशात घालत. घडी उलगडताना पुस्तक टेबलावर सपाट ठेवा, नकाशा हवेत धरू नका. घड्यांच्या चौफुलीवर कागद विरलेला असतो, तिथेच फाटतो. सेलोटेप अजिबात लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघत नाही. गव्हाच्या खळीने जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) लावणारे जाणकार असतात, तोवर तसंच राहू द्या.

काशीयात्रेच्या पुस्तकांचे फोटो टाका प्लीज. तीर्थयात्रेची छोटी पुस्तकं, विशेषतः शिळाप्रेसवरची (दगडावरून छापलेली), फार कमी उरलीत.

कोकणकडा

माहिती आवडली, पण मूळ मुद्द्यावर शंका आहे. यातली बहुतेक इंग्रजी पुस्तकं आता नेटवर फुकट पीडीएफमध्ये आहेत. मी जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरचं १६९८ चं प्रवासाचं पुस्तक तसंच वाचलं, तो जुन्नरला गेला होता ती हकिकत फोनवर वाचली. मग घरात दोन कपाटं अडवून पावसाळ्यात बुरशीशी झगडायचं ते का? मजकूर वाचला की झालं ना?

पानवाटा

मजकूर वाचायला पीडीएफ उत्तमच, मीही रोज वापरतो. पण प्रवासाच्या पुस्तकात मजकूर निम्माच असतो. मोठ्या प्रमाणावर केलेल्या स्कॅनमध्ये घडीचे नकाशे उलगडलेलेच नसतात. दुमडलेल्या कागदाचा फोटो येतो, एका कोपऱ्यात 'पूना' आणि पुढे पांढरं. तुम्ही ट्रेक करता ना? जुन्या नकाशात घाटवाटा, धर्मशाळा, डाकबंगले दाखवलेले असतात. तेच बघायचं असेल तर कागदच लागतो, किंवा मग ज्याच्याकडे कागद आहे त्याने नीट उलगडून काढलेला फोटो. शिवाय मरेसारख्या गाईडात शेवटी जाहिराती असतात: हॉटेलं, बोटींच्या कंपन्या, ट्रंका, कुनैन. बांधणी बदलताना बाइंडर त्या काढून टाकतात. प्रवास कोण करत होतं आणि बरोबर काय नेत होतं, हे मला त्या पानांतून जास्त कळलं.

मराठीचं तर बरंचसं स्कॅनही झालेलं नाही. तिथे प्रत गेली की पुस्तकच गेलं.

कोकणकडा

नकाशाचा मुद्दा पटला. त्या फ्रायरच्या फाइलमध्येही तसंच झालंय, आत्ता उघडून बघितलं. जुन्या गाईडातल्या नाणेघाट-माळशेज बाजूच्या नकाशाचा फोटो कुणाकडे असेल तर नक्की टाका.

चित्रचौकट

मी जुनी प्रिंट आणि नकाशे विकतो, त्यामुळे धाग्याच्या नावाला उत्तर देणं भाग आहे. मी स्वतः पुस्तक फोडत नाही. पण माझ्याकडे येणारी बहुतेक चित्रं कधीकाळी कुणीतरी फोडलेल्या पुस्तकातलीच असतात, काही शंभर वर्षांपूर्वी विलायतेतच फोडलेली. ती मी नाही घेतली तर परत पुस्तकात थोडीच जाणार? उलट चौकटीत, आम्लरहित माउंटवर, काचेमागे ती जास्त टिकतात. आणि ज्या प्रतीला आधीच वाळवी लागलीय, निम्मी पानं गेलीत, तिच्यातली चार धड चित्रं वाचवायची नाहीत का? साताऱ्यातल्या माणसाला दोनशे वर्षांपूर्वीचा आपला मुलुख भिंतीवर बघायला मिळतो, यातही काही मोल आहे.

पानवाटा

चित्रचौकट, तुम्ही सरळ लिहिलंत हे आवडलं. आधीच सुटी झालेली चित्रं विकायला माझा विरोध नाही. वाळवीने खाल्लेल्या प्रतीतलं वाचेल ते वाचवा, याच्याशीही सहमत. माझं भांडण आहे ते पूर्ण प्रत मिळाल्यावर हिशोब मांडून ती फोडणाऱ्यांशी. आणि 'प्रत तशीही अपुरी होती' हे कारण फार सैलपणे वापरलं जातं. एक चित्र कमी म्हणून बाकीची पस्तीस मोकळी करायची, हे मला मान्य नाही. एक कमी असलेलं पुस्तक तसं स्पष्ट लिहून विकता येतं. अभ्यासकांना तेच परवडतं.

एक विनंती: सुटं चित्र विकताना मागे पेन्सिलीने पुस्तकाचं नाव, साल आणि चित्र क्रमांक लिहाल का? निदान माग राहील.

चित्रचौकट

हे मी करतो, आणि यापुढे मजकुराचं पान सुटं मिळालं तर तेही सोबत देईन. नवीन लोकांसाठी माझ्याकडून एक भर. चित्र अस्सल आहे का, हे दहापट भिंगातून बघा. आधुनिक छपाईत ठिपके कवायतीसारखे ओळीत दिसतात. अ‍ॅक्वाटिंटचा कण वेडावाकडा, वाळूसारखा असतो, आणि हाताने दिलेला रंग कडांवर किंचित बाहेर गेलेला असतो. मग कागद उजेडाला धरा. व्हॉटमनच्या कागदात पुष्कळदा वॉटरमार्कमध्ये सालच असतं. पुस्तक १८२६ चं आणि कागद त्यानंतर बऱ्याच वर्षांचा असेल तर ती मागाहून काढलेली प्रत.

मांडवी

पणजीहून लिहितेय. आमच्याकडे सगळे विचारतात ते रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाचं गोव्याचं आणि निलगिरीचं पुस्तक, १८५१ चं. बाजारात 'ओरिजिनल' म्हणून दाखवलं जातं ते बहुधा पुनर्मुद्रण असतं. जुनं शीर्षकपान जसंच्या तसं छापलेलं असतं, त्यावर लंडन आणि १८५१ दिसतं, आणि पुनर्मुद्रणाचं साल उलट्या बाजूला बारीक अक्षरात. ते पान कुणी काढून टाकलं की झालं. कागदाचा वास आणि शिलाई बघा. जुनी प्रत दोऱ्याने शिवलेली असते.

दुसरं म्हणजे दमट हवा. गोवा-कोकणात पुस्तकं काचेच्या बंद कपाटात गुदमरतात. मी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवते, पुस्तकं घट्ट कोंबत नाही, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की दारं उघडून पंखा लावते. ऊन मात्र देत नाही. कडुलिंबाचा पाला पानांत घालू नका, त्याचा डाग पडतो. वेखंड कापडाच्या पुरचुंडीत, फळीच्या कोपऱ्यात. कसर किंवा किडा दिसला तर पुस्तक दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोनेक आठवडे, मग पिशवी न उघडता हळूहळू बाहेरच्या तापमानाला आणायचं.

इथली पोर्तुगीज पुस्तकं तर अजूनच बेवारस. घरं विकली जातात, वाचणारं कुणी उरलेलं नसतं. कुणाला आढळली तर टाकून देण्याआधी पणजीच्या केंद्रीय ग्रंथालयात विचारा. १८३२ पासूनची संस्था आहे.

थेम्सकाठ

इंग्लंडात राहते. इथून वेल्समधल्या हे-ऑन-वायला दरवर्षी जाते. साठीच्या दशकात रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने त्या छोट्याशा गावात जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू केली, आणि १९७७ च्या १ एप्रिलला स्वतःला गावाचा राजा जाहीर केलं. गाव पुस्तकांवर उभं राहिलं. भारतावरची प्रवासाची पुस्तकं तिथे अजून मिळतात, आणि मुंबईतल्यापेक्षा बऱ्या स्थितीत, हवेमुळे. मला दोन गोष्टी विचारायच्यात. पुण्याच्या घरी आजीच्या हातची यात्रेची वही आहे, मोडीत लिहिलेली, साधारण १९२० च्या आसपासची. ती इकडे आणता येईल का? आणि तिकडून जुनी पुस्तकं मागवताना काही कायद्याची अडचण?

पानवाटा

ताई, वही आणण्याआधी थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं हस्तलिखित ७५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पुरावशेषात मोडू शकतं. इतर वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षांची. पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची वही त्यात बसते की नाही हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर वही पुण्यातच राहू द्या. नीट फोटो काढा, लिप्यंतर करून घ्या, आणि घरच्यांची तयारी असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळाशी बोला. गोडसे भटजींचं हस्तलिखितही तिथे राहिलं म्हणूनच १९६६ ची आवृत्ती निघू शकली.

छापील पुस्तकांबाबत माझा नियम सोपा आहे: शंभरीच्या आसपासचं काहीही मी देशाबाहेर पाठवत नाही, गिऱ्हाईक कितीही देवो. पन्नास-साठ सालची प्रवासवर्णनं पाठवतो. परदेशातल्या मराठी घरांतून 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग'च्या जुन्या आवृत्त्यांना सतत मागणी असते.

ग्रंथपाल_निवृत्त

एका जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली. विक्रेत्यांना एकच सांगणं आहे. पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असेल तर निर्लेखनाची (पुस्तक संग्रहातून काढून टाकल्याची) नोंद किंवा 'रद्द' असा शिक्का आहे का, ते आधी बघा. नसेल तर त्या वाचनालयाला पत्र टाका. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. अशा जुन्या संस्थांमध्ये प्रवासवर्णनांचे संच असतात आणि त्यातला एखादाच खंड बाहेर गेला की संच लंगडा होतो. आणि निर्लेखन करणाऱ्या वाचनालयांनाही सांगतो: 'गेल्या दहा वर्षांत कुणी नेलं नाही' एवढ्यावर १९५० पूर्वीचं पुस्तक काढू नका. निदान दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात प्रत आहे का, हे विचारा.

पानवाटा

काका, अगदी हेच. शिक्का खरवडलेला किंवा वर कागद चिकटवलेला असेल तर मी पुस्तक घेतच नाही.

शाईपेन

फोटो टाकलेत. काशीयात्रेच्या एका पुस्तकावर 'शके १८११' आहे आणि किंमत चार आणे. मरेच्या खिशातला नकाशा आहे, एका घडीवर फाटलाय. मामांनी रद्दीवाल्याला परत पाठवलं. आता किंमत कशी ठरवायची ते सांगा. मरे विकायला माझी हरकत नाही, काशीयात्रेचं नाही विकणार.

पानवाटा

शके १८११ म्हणजे १८८९, रमाबाईंच्या पुस्तकाच्याच सुमारचं. ते ठेवताय हे वाचून फार आनंद झाला. प्रत्येक पानाचा फोटो सावलीच्या उजेडात काढा, पुस्तक पूर्ण सपाट दाबू नका, पाठ तुटेल.

मरेच्या किमतीबद्दल. नेटवर लोक मागतात ती किंमत आणि प्रत्यक्ष विकली जाते ती किंमत यांत मोठी तफावत असते. मागितलेले आकडे बघून हुरळू नका, विकल्या गेलेल्या प्रतींचे बघा, आणि आवृत्ती तीच आहे ना, नकाशे तितकेच आहेत ना, हे ताडून. गाईडं त्या काळी भरपूर छापली गेली, त्यामुळे लाल मरे फार दुर्मिळ नाही. बेडेकर या जर्मन गाईडवाल्या प्रकाशकाचं 'इंडिएन' (म्हणजे भारत) वेगळं. जर्मन भाषेत, १९१४ ला, महायुद्धाच्या वर्षी निघालं आणि पुन्हा निघालंच नाही, म्हणून त्याला तशी किंमत येते.

जाहिरात लिहिताना दोष आधी लिहा. असं काहीतरी: 'लाल कापडी बांधणी, पाठीवरचं सोनेरी अक्षर पुसट. शीर्षकपानाचा कोपरा नाही, साल गेलेलं. खिशातला नकाशा आहे, एका घडीवर बोटभर फाटलेला, दुरुस्ती केलेली नाही. बाकीचे नकाशे यादीप्रमाणे मोजून पूर्ण. आत मूळ मालकाची सही. पानांवर तपकिरी ठिपके.' असं लिहिलं की घेणाऱ्याचा विश्वास बसतो आणि परत पाठवायची वेळ येत नाही. सही खोडू नका. रेल्वेतल्या माणसाचं मरे आहे, ही त्या प्रतीची ओळख आहे, ती जाहिरातीतही लिहा.

पाठवताना आधी बटर पेपर, मग प्लास्टिक, मग चारी कोपरे झाकतील असे पुस्तकापेक्षा थोडे मोठे दोन पुठ्ठे, आणि वर खोका. वर्तमानपत्र थेट कापडी बांधणीला लावू नका, शाई उतरते. पोस्टाची स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट सेवा २०२४ च्या डिसेंबरात बंद झाल्यापासून टपालखर्च वाढलाय, तो किमतीत न दडवता वेगळा दाखवा.

कोकणकडा

शाईपेन, मरे विकायचंच असेल तर मला व्यनि करा. आणि विकायच्या आधी त्या खिशातल्या नकाशाचा उलगडून काढलेला फोटो इथे टाकता येईल का? घाटमाथ्याचा भाग जवळून.

शाईपेन

टाकते. भाऊ सुट्टीला आला की दोघं मिळून उलगडू, एकटीने करायची भीती वाटते.